लिहिणारीची मजुरी

जमनाबेन वाचनालयात आल्या की आधी दाराशी ठेवलेल्या माठातलं पाणी घेऊन हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मगच उंबरा ओलांडायच्या. शेतातून आल्या असोत की कुणाच्या लग्नातून, हे कधी चुकलं नाही. अध्यक्षांच्या खुर्चीत मात्र त्या बसत नसत. ती त्यांच्या यजमानांची खुर्ची. वाचनालय त्यांनीच काढलेलं, जागाही त्यांनीच दिलेली. ते गेल्यावर कमिटीनं जमनाबेनना अध्यक्ष केलं, ते मान राखायचा म्हणून. सगळ्यांना वाटलं होतं, बाई वर्षातून दोनदा सही करतील आणि घरी बसतील. त्या रोज संध्याकाळी येऊ लागल्या.

खिडकीजवळच्या स्टुलावर बसून, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. शिक्षण चौथीपर्यंतचं. एक पुस्तक त्यांना महिना-दीड महिना पुरायचं. मी तिथं ग्रंथपाल होते. पुस्तक परत मागायला गेले की रागवायच्या.

"लिखनाराले लिखाले दोन वरीस लागनात. मी एक रातमा खाई टाकू का?"

आमचं गाव तापीकाठच्या प्रकाशा या गावाजवळ, काळ्या मातीतलं. कापूस, केळी, ऊस. वस्ती बहुतेक गुजर शेतकऱ्यांची. घरात त्यांची बोली, गल्लीत अहिराणी, आणि शुद्ध मराठी फक्त शाळेत आणि माझ्या कपाटांत. मी कधी पुस्तकी बोलले तर जमनाबेन हसायच्या. "पुस्तकनी भाषा पुस्तकमाच ऱ्हाऊ दे, वनिता. तोंडले तोंडनी बरी."

बाईंचा दरारा होता. यजमान गेल्यावर मुलगा हाताशी येईपर्यंत सगळं शेत त्यांनी एकटीनं सांभाळलं. कापूस वेचणीच्या दिवसांत धडगावकडून, पार सातपुड्याच्या आतल्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं खाली यायची. खळ्यातल्या शेडमध्ये राहायची. संध्याकाळी बांधावरच्या निंबाला काटा टांगून जमनाबेन स्वतः वजन करायच्या आणि तिथल्या तिथं पैसे द्यायच्या. दुसऱ्या दिवसावर ठेवत नसत. "घामना पैसा मन्हा घरमा रातभर नको," असं म्हणायच्या. काट्यात त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही, हे गावात सगळेच कबूल करत.

'फुकट' या शब्दाचा त्यांना राग होता. एकदा कॉलेजला जाणारा एक मुलगा मित्राला सांगत होता, "आठे पुस्तकं फुकट भेटतस." स्टुलावरून आवाज आला, "फुकट नही रे भो. कोन्ही तरी आधीच दिन्हं शे, म्हनीसन तुले भेटी ऱ्हायनं." तेव्हा त्यांच्या मनात यजमानांनी दिलेली जागा असावी. त्या वाक्याचा पुढचा अर्थ त्यांना स्वतःलाही नंतरच कळला.

अनुदानातून घेतलेल्या पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात बायजाचं पुस्तक आलं. बायजा ही धडगावकडची, पावरा या आदिवासी समाजातली बाई. पातळसं पुस्तक, कव्हरवर डोंगराचं साधं चित्र. तिनं आपलं लहानपण लिहिलं होतं. मी ते नव्या पुस्तकांत मांडलं आणि विसरून गेले. पण बायकांनी ते उचललं. एकीनं नेलं, तिनं जावेला सांगितलं, जावेनं समोरच्या घरी दिलं. परत यायचं ते हळद लागलेलं, दुमडलेलं, आणि दाराशी दुसरी कुणीतरी वाट बघत असायची. कारण असं होतं, की त्यातला एक भाग आईबरोबर कापूस वेचायला खाली येण्याचा होता. गावाचं नाव दिलेलं नव्हतं, पण निंबाचं झाड होतं, खळ्यातलं शेड होतं, नदीकडून येणारा केळीच्या बागांचा ओला वास होता. बायका कुजबुजायला लागल्या, हे तर आपलंच गाव.

आणि त्यात एक काटेवाली बाई होती. बायजानं लिहिलं होतं, की ती बाई आईला चोख पैसे द्यायची, पण चार हंगामांत तिनं आमच्यापैकी एकाचंही नाव विचारलं नाही.

जमनाबेनना कुणी काही बोललं नाही. त्यांनीच एक दिवस ते पुस्तक मागून घेतलं. नंतर काही दिवस त्या वाचनालयात आल्या नाहीत. मला धास्ती वाटली. मग एका संध्याकाळी आल्या, हात धुतले, पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"त्या काटावाली बाईनं नाव शे का यामा?"

"नाही," मी म्हटलं.

"नाव नही, तरी ती मी शे." मग म्हणाल्या, "हाई पोर कोठे ऱ्हास? पत्ता काढ."

प्रकाशकाकडून पत्ता मिळाला. शहाद्याहून म्हसावदमार्गे शेअर जीपनं आम्ही दोघी धडगावला गेलो. जमनाबेननी मांडीवर केळ्यांच्या दोन फण्या धरल्या होत्या. घाटाच्या वळणांवर त्या डोळे मिटून घेत आणि वळण संपलं की पुन्हा उघडत. म्हणाल्या, "ह्या रस्तावरथीन ती माय पोरेसले लिसन येत व्हती. मी कव्हय वर चढी नही देखं."

बायजा तेव्हा एका आश्रमशाळेत रोजंदारीवर शिकवत होती. तिशी ओलांडलेली, सावळी, बोलण्यापूर्वी क्षणभर थांबणारी. आमच्याशी शाळेत शिकवतात तसं स्वच्छ मराठी बोलली. तिनं गूळ घातलेला कोरा चहा दिला. जमनाबेननी चहा घेतला आणि सरळच विचारलं, "पुस्तकमा काटावाली बाई शे, ती मी शे का?"

बायजा त्यांच्याकडे बघत राहिली. "मी लहान होते, काकी. तोंड आठवत नाही. काटा आठवतो."

जमनाबेननी पिशवीतून पाकीट काढलं. "आम्हना गावमा तुन्हं पुस्तक घरोघर फिरी ऱ्हायनं. बठ्ठ्या बाया वाची ऱ्हायन्यात. तुन्ही मजुरी ऱ्हाई गयी, ती लिसन उनू."

बायजानं पाकिटाला हात लावला नाही. रागावलीही नाही. म्हणाली, "मजुरी माझ्या आईला दिलीत तुम्ही. पुस्तक लिहिताना मी तुमच्या मजुरीवर नव्हते. आणि वाचलं सगळ्या गावानं, तर तुम्ही एकट्याच का देताय? काटेवाली बाई तुम्ही, म्हणून?"

जमनाबेनच्या तोंडावर एवढं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पाकीट परत पिशवीत ठेवलं. मग मी मध्ये पडून विचारलं, पुस्तकाचे काही पैसे मिळतात का? बायजा हसली. प्रकाशकानं पैशांऐवजी काही प्रती दिल्या होत्या, त्या तिनं नातेवाइकांना आणि शाळेला वाटल्या. बाकीच्या प्रती जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वाचनालयांनी घेतल्या. "लोक भेटतात, सांगतात, ताई, तुमचं पुस्तक आमच्याकडे सारखं बाहेर असतं, कपाटात राहतच नाही. बरं वाटतं," ती म्हणाली. "पण दुसरी आवृत्ती निघत नाही. सगळे वाचनालयातूनच वाचतात ना."

निघताना जमनाबेननी विचारलं, "मंग वाचनारासनी दिन्हं, तर लेशी?"

"त्यांनी दिलं तर बघू," बायजा म्हणाली.

केळी मात्र तिनं ठेवून घेतली. उतरताना घाटात जमनाबेननी डोळे मिटले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मजुरी म्हनाले नको व्हतं."

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला, की वर्गणीतून काही भाग बाजूला काढायचा आणि ज्यांची पुस्तकं गावात जास्त वाचली गेली त्यांना पाठवायचा. सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या लिहिणाऱ्यांपासून. सभेला एरवी पाच-सात माणसं यायची. त्या दिवशी बायका आल्या आणि ओटा भरला.

सचिव अंबालालभाईंचं खत-बियाण्यांचं दुकान. माणूस वाईट नव्हता, वाचनालयाचं लाइट-बिल कित्येकदा त्यांनी गल्ल्यातून भरलेलं. ते म्हणाले, "बेन, पुस्तक आपन इकत लिन्हं. बिल फाइलमा शे. ट्रॅक्टर इकत लिन्हं, तर दर खेपले कंपनीले पैसा देतस का?"

लोक हसले. जमनाबेनही हसल्या. मग म्हणाल्या, "अंबालालभाई, ट्रॅक्टर तुन्हाकडे शे, मन्हाकडे शे, मगनभाईकडे बी शे. कंपनीनी तिन्ही घरेसले येगयेगळं इकं. त्या पोरीनं एक पुस्तक इकं, आनि अख्खं गावनी वाचं. मंग ती पोट कशावर भरी?"

शाळेतले एक गुरुजी उठले. म्हणाले, बाहेरच्या काही देशांत अशी पद्धत आहे, वाचनालयातून पुस्तक दिलं गेलं की सरकार लेखकाला काही देतं. "ते देश मोठा शेतस, गुरुजी," अंबालालभाई म्हणाले. "आठे वर्गणीमा लाइट बी निंघत नही."

तेव्हा जमनाबेन उभ्या राहिल्या. सभेत त्या उभ्या राहून कधी बोलत नसत.

"लाइटना पैसा देतस. कपाट करनारा सुतारले देतस. वाळवीनं औषध मारनारले देतस. वनिताले देतस, थोडं का व्हयेना. जिन्हं लिखेल वाचाले बठ्ठे आठे येतस, तिले काय देतस?"

मागून एका सुनेनं हात वर केला, मग तिच्या सासूनं. ठराव पास झाला. अंबालालभाईंनी इतिवृत्तात लिहून घेतला आणि म्हणाले, "बेन, हाई पुढे नडी."

पैसे गेले, तेव्हा बायजाचा मला फोन आला. "ताई, खात्यात पैसे आलेत. कुठल्या योजनेतून?" मी फोन जमनाबेनना दिला. त्या फोन कानापासून लांब धरून मोठ्यानं बोलायच्या. "योजना नही शे, पोरी. वाचनारासनी दिन्हात." मग बायजा म्हणाली, "मग घेते."

त्या एका वर्षात जमनाबेन किती खूश होत्या हे मी पाहिलं. रक्कम फार नव्हती, पण बायजानं कळवलं होतं, की आता ती रविवारी शिवणाची कामं घेत नाही, रविवारी लिहिते, आणि दुसरं पुस्तक सुरू झालं आहे. ही बातमी जमनाबेननी गावभर सांगितली, जणू घरात पाळणा हलणार होता. त्याच हंगामात त्यांनी वेचणाऱ्यांच्या पोरांची नावं विचारायला सुरुवात केली. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारायच्या आणि पोरं खिदळायची. पण विचारणं सोडलं नाही.

पुढच्या वर्षी तपासणी झाली. आलेले साहेब सज्जन होते. वह्या बघताना त्या एका ओळीवर थांबले.

"बाई, खर्च वाईट नाही. माझं मत विचाराल तर चांगलाच आहे. पण याला शीर्ष नाही."

"शीर्ष म्हंजे?"

"म्हणजे कुठल्या सदराखाली दाखवायचा ते."

"लिखनारीले दिन्हा, असंच लिखा ना."

"तसं सदरच नाही. सत्काराचं आहे. शाल, श्रीफळ, हार, पाहुण्यांचा चहा. तिथं बसवून टाका, मी हरकत घेणार नाही." त्यांना खरंच मदत करायची होती.

जमनाबेनचा चेहरा बदलला. "शालमा गुंडाळीसन देऊ का तिले? तिन्ही काय चोरी करी का, लपाडीसन देवाले?"

साहेबांनी हात जोडले. तो खर्च बिनसदराचाच राहिला, आणि त्यापायी अनुदानाचा हप्ता अडकला. कमिटी बसली. ठराव मागे घेण्याचा ठराव अंबालालभाईंनी लिहिला आणि जमनाबेनपुढे ठेवला. माझं मानधन त्याच अनुदानातून निघायचं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सही करताना जमनाबेननी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाहेर जाऊन माठात पाणी भरत बसले.

त्यांचा मुलगा त्यांना म्हणाला होता, "माय, इतला जीव जळस तर तू तुन्हा पैसा दे. कोन्ही अडायं?" तो खर्च त्यांना जड नव्हता. पण त्या म्हणाल्या, "मी दिन्हा ते दान व्हई जाई. तिन्ही एकदाव परत करेल शे. आते परत तेच करू का?" सत्कार त्यांना नको, दान नको. हक्काचं असेल तरच द्यायचं. आणि हक्काला सदर नव्हतं. त्यांनी नंदुरबारला खेपा घातल्या, ओळखीच्या पुढाऱ्याला भेटल्या, निवेदन दिलं. सगळ्यांनी चहा पाजला. सगळे म्हणाले, विषय चांगला आहे.

बायजाला कळवायचं काम माझ्यावर आलं. मी फोन केला. ती म्हणाली, "असू द्या, ताई. तुम्ही केलं तेवढं कुणी करत नाही." आवाज नेहमीसारखाच होता. त्यानंतर तिचा फोन येईनासा झाला. काही दिवसांनी नंबरही लागेना.

जमनाबेन वाचनालयात येत राहिल्या, पण बोलणं कमी झालं. पुस्तक घेऊन बसायच्या आणि बोट एकाच ओळीवर राहायचं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. मी तेच कारण धरलं. पुढे कापूस वेचायला आलेल्या एका बाईकडून त्यांना बातमी कळली. आश्रमशाळेतलं रोजंदारीचं काम सुटल्यावर बायजा नवऱ्याबरोबर सुरतेला गेली होती. होळीला येणार होती. होळीला डोंगरातली माणसं कुठूनही परत येतात.

आम्ही पुन्हा वर गेलो. आमचं दोघींचं ते शेवटचं सोबत जाणं. त्याच वर्षी पुढे जमनाबेन गेल्या.

बायजा वाळली होती. अंगणात होळीच्या तयारीची गडबड होती, तिचा नवरा कुणाबरोबर तरी मोठे ढोल बांधत होता. ती आम्हाला बघून मनापासून हसली. सुरतेला कपड्याच्या कारखान्यात होती, तयार साड्यांचे धागे कापायचं काम. "बरं आहे, काकी. तिथं प्रत्येक नगाचे पैसे मिळतात. शनिवारी हातात."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. जमनाबेननी खाली बघितलं.

"दुसरं पुस्तक?"

"राहिलं."

जमनाबेन बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग विचारलं, "जव्हय आम्हनं बंद पडनं, तव्हय मी मन्हा हातनं पैसा धाडती, तर तू लेती का?"

बायजा नेहमीसारखी क्षणभर थांबली. "घेतले असते, काकी. तेव्हा काम गेलं होतं ना. तेव्हा कुणाचेही घेतले असते."

"तू मांगे पाकीट नही लेल. म्हनीसन मी..."

"तेव्हा पगार होता मला." ती हळूच म्हणाली. "पगार असला की माणसाला असं बोलता येतं."

जमनाबेननी मान हलवली, नुसतीच हलवत राहिल्या. मला वाटलं आता उठतील. पण त्यांनी विचारलं, "काय लिखानं व्हतं तुले त्यामा? आम्हले सांग ना."

बायजाला नवल वाटलं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. ती ओट्यावर टेकली आणि सांगायला लागली. नर्मदाकाठच्या गावातली एक मुलगी आजारी आजीला दवाखान्यात न्यायला बोटीत बसते. धरणाचं पाणी सगळीकडे भरलेलं. आजी पडल्या पडल्या पाण्याकडे बघून सांगत जाते, इथं खाली आपली मोहाची झाडं होती, इथं विहीर, इथं बाजार भरायचा. मध्येच बोटीचं इंजिन बंद पडतं. वारा नाही, दुसरी बोट नाही. आजी वाकून खाली बघते आणि नातीला म्हणते, हेच आपलं घर. मला इथं उतरव.

ढोलाचा आवाज मध्येच थांबला होता. जमनाबेन पुढे झुकून ऐकत होत्या, तोंड किंचित उघडं.

"मंग?"

"तिथंच थांबलंय," बायजा म्हणाली. "पुढचं लिहिताना कळलं असतं."

तिनं आम्हाला होळीपर्यंत राहायचा आग्रह केला. जमनाबेननी तिच्या गालावरून हात फिरवला आणि नको म्हटलं.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. जमनाबेन पुढच्या सीटवर चालकाशेजारी दाटीनं बसल्या, धुळीसाठी पदर नाकावर धरून. शहाद्याच्या स्टँडवर उतरलो. मी गावच्या बसची चौकशी करून आले, तर त्या उन्हात तशाच उभ्या होत्या, पिशवी खाली ठेवलेली. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज चालू होता, पोरं बसमागे धावत होती. मी त्यांचा दंड धरला, सावलीत चला म्हटलं.

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"वनिता, त्या नातीनं डोकरीले बोटमाथीन उतारी दिन्हं व्हई का वं?"

बस लागली. माणसं धक्काबुक्की करत चढायला लागली. कंडक्टरनं गावाचं नाव पुकारलं. त्या अजून माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.